सपाट तावदान

फ्लिंट रन, ओहायो
पहिला महिना, २३ तारीख, १९८३

लिंडली,

तुझं कार्ड पोचलं. वर निवडुंग, त्यामागे केवढा तो सूर्य, आणि पाठीमागे तुझ्या मास्तरी अक्षरात एकच ओळ : 'हॉलिस, मी तुला उजेडात धरून आहे.'

नको धरूस.

उजेडात मी काच धरतो. दुकानात आलेली प्रत्येक काच दोन्ही हातांनी खिडकीसमोर उभी धरायची आणि बघायचं, कुठे बुडबुडा आहे का, कुठे चरा गेलाय का. दोष शोधायलाच धरतात उजेडात. तुम्ही जन्मजात क्वेकर, जन्मानं फ्रेंड असलेली माणसं प्रार्थनेत एखाद्याला उजेडात धरता तेव्हा नेमकं काय शोधता, ते तुमच्या बाकांवर एकवीस वर्षं बसूनही मला कळलेलं नाही. मी पंथ पटून आलेला. जन्मानं खाणवाल्यांचा. आम्ही एखाद्यासाठी काही करायचं असेल तर उठून करतो.

भावाला पुरून मी चौथ्या वारी, जगाच्या बुधवारी, परतलो. मिरियम सफरचंदाच्या पायची थाळी घेऊन दारात उभी. तिच्या हातात ती थाळी दिसली की मी समजतो, वाईट बातमी आहे. तिनं आधी थाळी ठेवली, मग नोंदीचा कागद. 'फ्लिंट रनची मीटिंग कायमची बंद करून खाली ठेवावी व सभाघर विकावं, यावर उपस्थित फ्रेंड एकमनाचे होते.' खाली सही तिचीच, सभेची लेखनिक म्हणून.

एकमनाचे. उपस्थितांत तू होतास.

मी तिला म्हटलं, "लिंडली उठला नाही?"

"नाही."

"काही बोलला?"

"डोळे मिटून बसला होता, हॉलिस. मी नोंद दोनदा वाचली. दुसऱ्यांदा तर त्याच्याकडे बघत वाचली."

आता मी तुला शेगडीपाशीच्या त्या सकाळची आठवण करून देतो, कारण शब्दांच्या बाबतीत मी चुकत नाही. मी म्हणालो, "नेमकं सभेच्याच दिवशी भावाला पुरायचंय. मिरियम सभा पुढे ढकलायला तयार नाही, आणि गैरहजर माणसाची चिठ्ठी आपल्यात चालत नाही. तू उठशील?" तू ओंडका आत सारलास, हात पँटीला पुसलेस आणि म्हणालास, "उठेन. तू जा. भावाला नीट पोचवून ये."

आपल्यात हात वर करून मतं मोजत नाहीत हे मला तूच शिकवलंस. एकानं जरी उठून 'माझं मन यात नाही' म्हटलं तरी काम तिथं थांबतं, आणि कोणीच बोललं नाही तर ती शांतता होकार म्हणून लिहिली जाते. मी नवा होतो तेव्हा तू म्हणाला होतास, "हॉलिस, आपल्या घरात गप्प बसणं हेसुद्धा बोलणंच आहे, तेव्हा जपून गप्प बस." तू जपूनच बसलास म्हणायचं.

आणि आठवडा उलटायच्या आत लेकीकडे टूसॉनला. इथे लोक म्हणतात, लिंडलीनं 'लाइट आउट' केलं. आमच्या खाणीच्या गावात बायकोला न सांगता पळून जाणाऱ्याला हाच शब्द होता. आपला शेगडीपाशीचा खेळ तू अजून खेळत असशील तर ह्या आठवड्याचा माझा 'लाइट' हा घे. दर पहिल्या वारी एकेकानं त्या शब्दाचा एक नवा वापर आणायचा, आठवडाभरात कानावर पडलेला, शब्दकोशातला नाही. सहा हिवाळे झाले. आता तुझी पाळी.

मला काळजी आहे ती सभाघराच्या खिडक्यांची. फुंकून केलेली जुनी काच, तरंगांची. व्हीलिंगचा कोणी खानावळवाला घर घेणार म्हणे. त्याला तिची काय किंमत? दुसरं काही नाही.

हॉलिस


दुसरा महिना, १३ तारीख

लिंडली,

तुझं दुसरं कार्डही पोचलं. त्यावर नुसतं वाळवंट. उत्तर नाही ते नाहीच.

काल मिरियम दुकानात आली. ह्या खेपेला पायची थाळी नव्हती, त्यामुळे मी बेसावध होतो. मी पुट्टी मळत होतो. ती म्हणाली, "खिडक्यांसाठी एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तो माणूस काचा ठेवणार आहे. त्याला जुन्याचीच हौस आहे."

मी म्हटलं, "बरं."

ती जायला निघाली, दारात थांबली. "आणि हॉलिस, तू तिथं एकटा बाकांशी बोलत बसतोस म्हणे. ते बरं नव्हे रे."

"म्हणे? कोण म्हणे?"

तिनं हातमोजे घातले, काढले, परत घातले. मिरियमला खोटं बोलता येत नाही. तिला फक्त घरी जाता येतं. ती घरी गेली.

लिंडली, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. गेल्या शरदात एकदा तू ठरल्या वेळेआधी आलास. मी बायकांच्या बाजूला, दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसलो होतो. आयव्हाच्या जागेशेजारी. बोलत होतो. काय बोलत होतो ते तू ऐकलंस, म्हणून इथे लिहीत नाही. मागे वळलो तर तू दारात, टोपी छातीशी धरून. तू म्हणालास, "आत्ताच आलो. काही ऐकलं नाही." मग शेगडी पेटवायला वाकलास, आणि ती पेटेना म्हणून बराच वेळ वाकून राहिलास. मला वाटलं, काय माणूस आहे! ऐकूनही न ऐकल्याचं करतो. मी त्या दिवशी तुझ्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा भावावरही टाकला नव्हता.

आणि तू तो मिरियमच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलास.

म्हणजे सभेत त्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं. म्हातारीकोतारी सात माणसं, आणि सातांनाही ठाऊक, की हॉलिसला घर कशाला हवं आहे. मी मात्र आल्यागेल्याला काचेच्या तरंगांवर व्याख्यान देत होतो! माझ्या पाठीमागे तुम्ही मला खरंच उजेडात धरलंत. चांगला चरा सापडला.

ठीक आहे. लपवायला आता काही उरलं नाही, तर सरळच लिहितो. आयव्हा गेल्यापासून आठवड्यातून एक तास मी माझ्या बायकोजवळ बसतो. घरी ती नाही. घरी तिची भांडी आहेत. बाहेर दफनभूमीतल्या त्या बुटक्या दगडापाशीही मी उभा राहून पाहिलं, तिथं वारा आहे. ती असते ती तिच्या बाकावर. तो तास मला हवा आहे.

चौथ्या महिन्यात, २३ तारखेला, सातव्या वारी आसपासच्या सगळ्या मीटिंगांची तिमाही सभा आहे. ह्या वेळी ती आपल्याच सभाघरात भरते. तिमाहीनं मान्यता दिल्याशिवाय मीटिंग खाली ठेवता येत नाही, म्हणजे दार अजून लागलेलं नाही. पण मी एकटा उठलो तर म्हणतील, बिचारा हॉलिस, बाकांशी बोलतो. नोंद खोटी आहे, 'मी एकमनाचा नव्हतो', हे ज्याच्या शांततेवर ती उभी आहे त्यानंच येऊन सांगायला हवं.

ये. ऊठ. बोल. त्याहून जास्त काही मागत नाही.

हॉलिस


तिसरा महिना, २० तारीख

लिंडली,

अखेर पत्र! तेही चार पानी. सगळं वाचलं, दोनदा.

तुझी कारणं मी मान्य करत नाही. छप्पर गळतं, मान्य. रस्ता बर्फाचा, मान्य. आल्फ्रेटा ब्याण्णव वर्षांची आहे आणि प्रार्थनेत घोरते, हेही मान्य. (मागच्या पहिल्या वारी मी तिला कोपरानं हलवलं तर म्हणाली, "मी झोपले नव्हते, वाट बघत होते." मी म्हटलं, "कोणाची?" म्हणाली, "तू कोपर मारायची.") पण ह्यातलं एकही कारण तू शेगडीपाशी बोलला नाहीस. तिथं तू 'उठेन' म्हणालास. मिरियमला सांगितल्याबद्दल तू क्षमा मागितलीस, ती मी घेऊन ठेवली आहे. वापरेन की नाही ते पुढे बघू.

पण शेवटच्या पानावर तू लिहितोस, 'तिमाहीला येतो. तुझं म्हणणं बरोबर आहे, ज्याची शांतता त्यानं ती बोलून दाखवायला हवी.' लिंडली, हे वाचून मी दुकान बंद केलं आणि चालत सभाघरापर्यंत जाऊन आलो. बर्फ वितळतोय. ओढ्याला पाणी आहे.

तू तुझा 'लाइट'ही पाठवलास. तुझी लेक कॅरल तिथल्या हवेला 'लाइट' म्हणते, म्हणजे विरळ, छातीत न बसणारी. चांगला आहे. तो आपल्याकडे नव्हता. माझा घे. आल्फ्रेटानं दुकानवाल्याला विचारलं, "लाइट-ब्रेड आहे का?" तो पोरगा तिला कमी उष्मांकाचा पाव दाखवायला लागला. म्हातारी म्हणाली, "अरे बाळा, मला बारीक नाही व्हायचं. मला फुगलेला पाव हवाय, यीस्टचा, पांढरा." डोंगराकडचा शब्द. हा आयव्हाचा होता. तिच्याकडे मक्याची भाकरी रोजची, आणि लाइट-ब्रेड पाहुणा आला तर.

तू पहिल्यांदा आमच्याकडे आलास तेव्हाचं आठवतं? मला मीटिंगला ये म्हणून सांगायला आला होतास. तू गाडीतच बसून राहिलेला, आत यावं की नाही ह्या विचारात. आयव्हा ओसरीवरून ओरडली, "लाइट अँड सेट!" तू शहरी फ्रेंड, गोंधळलास. तुला वाटलं ती दिवा लावायला सांगते आहे. मी सांगितलं, घोड्यावरून उतरा आणि टेका, असं म्हणते ती. तू म्हणालास, "पण मी घोड्यावर नाही." ती म्हणाली, "मग तर उतरायला आणखी सोपं." तो आपल्या खेळाचा पहिला शब्द. खेळ तेव्हा नव्हता, पण सुरुवात तिथलीच धरायची.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सभाघराच्या खिडक्यांत सगळीकडे जुनी काच आहे. दक्षिणेच्या तिसरीत मात्र मधल्या रांगेत एक तावदान नवं आहे. आम्ही काचवाले तावदानालाही 'लाइट'च म्हणतो, हे तर तू पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडून घेतलंस. पन्हळीतली पानं काढताना तू शिडीचं टोक घालून तिथलं जुनं फोडलंस आणि माझ्याकडे तेव्हा जुनी काच नव्हती, म्हणून मी कारखान्याची सपाट बसवली.

पुढच्याच वर्षी मला एका पाडलेल्या घरातून जुनी काच मिळाली. नेमकी तेवढ्या मापाची कापता आली असती. मी काच कापायचा हिरा तिच्यावर फिरवला नाही. कारण बाकीच्या काचांतून येणारं ऊन पाण्यासारखं हलतं, आणि त्या एकीतून पडतो तो उन्हाचा सरळ चौकोन. हिवाळ्यात प्रार्थना संपायच्या सुमारास तो आयव्हाच्या मांडीवर यायचा. ती त्यात हात ठेवून बसायची, शेकत. म्हणायची, "तुमच्या सगळ्या वाकड्या उजेडात हा एक लिंडलीचा सरळ."

अजून येतो. बाकावर येतो, सरकतो, जातो.

ये तू.

हॉलिस


चौथा महिना, १० तारीख

लिंडली,

२२ला संध्याकाळी केम्ब्रिजच्या बस थांब्यावर मी असेन. ट्रक तोच, हिरवा. मिरियमकडे उतरू नकोस, तिच्याकडे पाहुण्याला सफरचंदाचा पाय संपेपर्यंत उठू देत नाहीत. माझ्याकडेच ये. मागच्या खोलीची खिडकी कुरकुरत होती, ती तासून घेतली. पाव मी स्वतः करून पाहिला. पहिला दगड झाला. दुसरा बरा आहे.

तिमाहीला बोलताना उगाच लांबण लावू नकोस. तू मास्तर होतास, मला भीती तीच आहे. 'माझं मन यात नव्हतं.' बस्स, एवढं पुरे.

हॉलिस

ता. क. आल्फ्रेटाला सांगितलं तू येतोयस. म्हणाली, "कोण, तो पळालेला? मग मी जागी राहीन."


पाचवा महिना, ८ तारीख

लिंडली,

मिरियमच्या गाडीतून तू विमानतळावर गेलास त्यानंतर मी तुला लिहिणार नव्हतो. पण एक खोकं तुझ्या पत्त्यावर निघालं आहे आणि ते उघडायचं कसं हे सांगणं भाग आहे. त्याआधी दोन गोष्टी.

तू माझ्याकडे जेवलास. पावाचे तीन तुकडे खाल्लेस आणि म्हणालास, "आयव्हाच्या जवळ गेलास की रे." मागच्या खोलीत झोपलास. सकाळी मी कॉफी ओतत असताना कोट घालून उभा राहिलास आणि म्हणालास, "आज मी उठणार आहे, हॉलिस." मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. हे मला राहून राहून आठवतं. तू काय बोलणार हे तुला त्या वेळी माहीत होतं. तुला ते बस थांब्यावर सांगता आलं असतं, ट्रकमध्ये, पाव खाताना. तू हात खांद्यावर राहू दिलास.

सभाघर भरलेलं होतं. इतकी माणसं त्या बाकांवर मी पहिल्यांदा पाहिली. तिमाहीच्या लेखनिकानं आपली नोंद वाचली आणि विचारलं, सभेचं मन काय. मग ती शांतता. तू उठलास. दोन्ही हात पुढच्या बाकावर. आल्फ्रेटा खरंच जागी होती.

तू म्हणालास, "पहिल्या महिन्यात मी गप्प बसलो. हॉलिसला शब्द दिला होता की उठेन, आणि उठलो नाही. तो भित्रेपणा होता. पण ती शांतता खोटी नव्हती. माझं मन मीटिंग खाली ठेवण्याकडेच होतं. हॉलिस इथं येतो तो आयव्हासाठी. मी सहा हिवाळे आलो तो हॉलिससाठी, तो एकटा पडू नये म्हणून. हे घर ज्याच्यासाठी बांधलं, त्याच्यासाठी आम्हा दोघांपैकी कोणीच येत नव्हतं. हे घर उघडं राहिलं तर तो ह्या बाकासमोरच म्हातारा होईल. मला ते बघवत नाही."

आणि बसलास.

मी तुला सांगितलं होतं लांबण लावू नकोस. नाही लावलंस.

सहा हिवाळे. शेगडी, ओंडके, शब्द. मी समजत होतो की आपण दोघं एका गोष्टीसाठी येतो. तू माझ्या उशाशी बसलेला होतास, आजाऱ्याच्या बसतात तसा, आणि मला पत्ता नाही. तुझ्या 'उठेन'ला मी माफ करू शकलो असतो, लिंडली. भीती मला कळते. मिरियमलाही सांगितलंस तर सांगितलंस. पण दर पहिल्या वारी तू शब्द शोधून आणायचास, तो खेळ नव्हता, ते माझं औषधपाणी होतं, हे मला चारशे माणसांत कळायला नको होतं. (चारशे नव्हती. साठेक असतील. मी आकड्यात सहसा चुकत नाही.)

लेखनिकानं माझ्याकडे पाहिलं. "हॉलिस, तुला काही म्हणायचं आहे?"

मला उठता आलं असतं. एकानं पुरतं. तू बोललास त्यामुळे काही बदललं नव्हतं, अजूनही माझा एक शब्द ते काम थांबवू शकत होता, आणि सगळं घर त्या शब्दासाठी थांबलं होतं. मी बायकांच्या बाजूला बघत होतो. आयव्हाच्या जागेवर तिमाहीची कोणीतरी पाहुणी बसली होती. गर्दी होती, तिला काय माहीत? जाडशी, जांभळा स्वेटर घातलेली बाई. ऊन आता उंच झालंय, पण आकाश मोकळं होतं. तो चौकोन तिच्या पायांपाशी आला होता. तिनं सहज पाऊल उचलून त्याच्या आत ठेवलं. ऊब लागली असेल.

मी बसून राहिलो. लेखनिक बराच वेळ थांबला. मग लिहायला लागला.

माझी शांतता त्यांनी होकार म्हणून लिहून घेतली. तो होकार होता की नव्हता ते मी तुला सांगणार नाही. ज्याची शांतता त्यानं ती बोलून दाखवावी, असं तुझं मत आहे. माझं नाही.

तो खानावळवाला मागच्या आठवड्यात भेटला. बरा माणूस आहे, टोपी काढून बोलतो. मला 'मिस्टर' म्हणत होता, मी म्हटलं नुसतं हॉलिस म्हण. खिडक्यांसमोर फार वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "तेवढं एक तावदान का वेगळं आहे? डोळ्यांत खुपतं. जुनं बसवून द्याल?" मी म्हटलं, "देतो. कापलेलं आहे." खोटं. हिरा मी घरी येऊन फिरवला.

काल गेलो आणि बदललं. पुट्टी खरवडून, टाचण्या काढून, सपाट काच अख्खी बाहेर काढली. एक कोपराही उडाला नाही. जुनी आत बसवली. आता ती सगळी भिंत एकसारखी हलते, चौकोन कुठेच पडत नाही. बाकावर हात ठेवून पाहिला. ऊन आहे, पण धरता येत नाही.

खोक्यात ती काच आहे. तूच फोडलेल्या जागेची, म्हणून तुझी. मी तिला उजेडात धरून पाहिलं. दोष नाही.

खोकं उघडताना वरच्या पट्ट्या आधी काढ, बाजूच्या नंतर. घाई करू नकोस. आणि टूसॉनला तिचं काय करायचं हे कळेपर्यंत भिंतीला टेकवून उभीच ठेव. काच खाली, आडवी ठेवू नये. आडवी ठेवली की ती स्वतःच्याच वजनानं तडकून जाते.

हॉलिस